फळ्यावर लिहिले आहे, वाचले का?

आमच्या अकोटच्या वसाहतीत शिरताना डाव्या हाताला, कडुलिंबाच्या झाडाखाली, दोन लोखंडी खांबांवर एक काळा फळा उभा आहे. दर रविवारी सकाळी चहा झाला की आम्ही खडूचे दोन तुकडे खिशात टाकून तेथे जातो, मागच्या आठवड्याचा मजकूर ओल्या फडक्याने पुसतो आणि नवा लिहितो. आठवडाभर कचेरीत आवक-जावक रजिस्टर लिहिणाऱ्या माणसाला रविवारीही लिहिल्यावाचून करमत नाही, असे घरातून ऐकावे लागते. ऐकतो आणि लिहितो.

फळ्यावर असते तरी काय? या आठवड्याचेच सांगतो. नगर परिषदेच्या मालमत्ता कराची थकबाकी ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती भरून टाकावी, कारण थकलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते. दरमहा दोन म्हणजे वर्षाला चोवीस झाले. बँकेतल्या ठेवीला त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे व्याज मिळाले तरी आपण खूष असतो, तेव्हा ठेव राखून कर थकवणे हा शहाणपणा नव्हे. नळ आल्याबरोबर कोणी मोटार लावू नये, टोकाच्या घरांना थेंब मिळत नाही. आठवड्यातून एक दिवस टाकी, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या कोरड्या कराव्यात, डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. वर्षावासाचे ग्रंथवाचन रोज रात्री आठ वाजता, माता-भगिनींनी मुलांसह यावे. हिरव्या रंगाची एक लेडीज सायकल तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी सापडली आहे, खूण पटवून न्यावी. आणि सर्वात खाली, जागा कमी पडल्याने जरा बारीक अक्षरात, संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मोकळ्या जागेवर आहे, सर्व सभासदांनी उपस्थित राहावे.

सायकलची ओळ सगळ्यांनी वाचली. दुपारपर्यंत तीन घरची मंडळी येऊन गेली आणि सायकल तिच्या खऱ्या मालकिणीला मिळालीसुद्धा. सभेची ओळ कोणी वाचली की नाही हे रविवारी कळेल. दोन-तीन वर्षांपूर्वी याच बारीक अक्षरातल्या ओळीवाचून आमची वसाहत कशी अडचणीत आली होती, ते आज या पानावर सविस्तर लिहितो. आपल्यातल्या कित्येक वाचकांची घरे अशाच एखाद्या सोसायटीच्या ले-आउटमध्ये असतील. त्यांनी वाचून झाल्यावर आपल्या सचिवाला एकदा भेटावे. सचिव कोण हेच माहीत नसेल, तर जरा घाईने चौकशी करावी.

ही वसाहत ऐंशीच्या दशकात उभी राहिली. आम्ही त्या वेळी शाळकरी पोर होतो, वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून हे वावर पाहायला आल्याचे आठवते. सगळीकडे पऱ्हाटीच्या वाळलेल्या काड्या उभ्या होत्या. सभासद म्हणजे कोण? एसटीचे वाहक-चालक, जिल्हा परिषदेच्या शाळांतले मास्तर, पोस्टातले, वीज मंडळातले, दोन-चार कारकून. त्यांचे बाप जिनिंगमध्ये गाठी बांधणारे, नाहीतर दुसऱ्याच्या वावरात सालदार. पोरे शिकून नोकरीला लागली, पण गावात भाड्याने खोली मागायला गेली की आधी आडनाव विचारले जाई आणि मग ती खोली कालच कोणाला तरी दिल्याचे कळे. तेव्हा पगारातून दरमहा काही रक्कम बाजूला काढून या मंडळींनी गृहनिर्माण सहकारी संस्था नोंदवली, वावर विकत घेतले, रीतसर अकृषक परवानगी काढली आणि साठाच्या वर भूखंड पाडले. दीड हजार फुटांचा प्लॉट, पुढे रस्ता, आणि मधोमध मुलांना खेळायला मोकळी जागा.

सहकारी गृहनिर्माण ही कल्पना मुंबईत जुनी आहे. १९१५ साली गावदेवीला सारस्वत मंडळींनी अशी संस्था काढली, तिचे नाव आजही घेतले जाते. सुरुवातीच्या अशा संस्था बहुधा जातीजातीच्या होत्या आणि ज्यांच्यापाशी पैसा व ओळखी होत्या त्यांच्याच होत्या. मागासवर्गीयांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढाव्यात म्हणून जुन्या मुंबई राज्यात १९४९ साली सरकारी योजना आली. त्या वेळी आपला वऱ्हाड मध्य प्रांतात होता, त्यामुळे ते वारे इकडे उशिराच पोचले. १९६० साली महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा झाला आणि त्याच कायद्याखाली आमच्या वडीलधाऱ्यांनी नोंदणी केली.

घरे बांधतानाची एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण तिची आठवण आम्ही दर पावसाळ्यात फळ्यावर देतो. आमची जमीन काळी. पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आटली की एवढ्या भेगा पडतात की पोराचा पाय आत जावा. ज्यांनी खर्च वाचवायला पाया वरच्यावर घेतला त्यांच्या भिंती पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांतच तडकल्या. ज्यांनी खाली मुरूम लागेपर्यंत खोदले त्यांची घरे आजही सरळ उभी आहेत. आता नवीन मजला चढवणारे पुष्कळ झाले आहेत, म्हणून सांगतो. न्हाणीचे पाणी भिंतीलगत मुरू देऊ नका. एका बाजूची माती ओली आणि दुसऱ्या बाजूची कोरडी राहिली की कितीही सिमेंट घाला, घर तिरपे होणारच.

तर, घरे झाली, कर्जे फिटली, खरेदीखते ज्याच्या त्याच्या हाती आली. संस्थेची गरज कोणाला उरली नाही. सभा आधी वर्षाआड झाली, मग पाच वर्षांनी एकदा, मग बंदच पडली. सचिव होते ते एसटीतले गृहस्थ, एकटेच कागद सांभाळत. ते गेले, अध्यक्ष पुण्याला मुलाकडे राहायला गेले, उरलेल्या समितीतल्या कोणाला आपण समितीत आहोत हेही आठवत नव्हते. जयंतीची वर्गणी मात्र वेळेवर जमत असे. डीजे कुठला आणायचा यावर रात्री एक वाजेपर्यंत बैठक चाले. संस्थेच्या जमाखर्चाचे नाव काढले की मंडळी चपला शोधू लागत. यात आम्ही स्वतःला वेगळे काढत नाही. बी.कॉम. होऊन, दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवून देणाऱ्या या कारकुनाने आपल्याच वसाहतीचे हिशेब पंधरा वर्षे पाहिले नव्हते.

२०२२ च्या पावसाळ्यात निबंधक कार्यालयाची नोटीस आली. पोस्टमनने ती दिवंगत सचिवांच्या घरी नेऊन दिली आणि त्यांच्या सुनेने ती आमच्याकडे आणली. सदर संस्थेच्या सभा होत नाहीत, लेखापरीक्षण झालेले नाही, विवरणपत्रे दाखल नाहीत, सबब कलम १०२ अन्वये संस्था अवसायनात का घेण्यात येऊ नये याचा खुलासा करावा. अवसायन म्हणजे संस्था गुंडाळणे. असे काही आकाशातून पडले होते असे नाही. २०१५ साली राज्य सरकारने सगळ्या सहकारी संस्थांचे सर्वेक्षण केले, कागदावरच उरलेल्या संस्था शोधून बंद करण्याची मोहीम काढली, वर्तमानपत्रांत ते छापूनही आले होते. आम्ही ते वाचले होते आणि ते दुसऱ्यांविषयी आहे असे समजून पान उलटले होते.

नोटीस घेऊन आम्ही घरोघर फिरलो. पहिल्याच गल्लीत उत्तर मिळाले, “माह्या प्लॉटचं खरेदीखत माह्याजवळ हाये. सोसायटी मेली का जगली, मले काय करा लागते?” प्रश्न रास्त होता. प्लॉट ज्याचा त्याच्या नावावर झाला होता, तो कोणी हिरावून घेणार नव्हता. पण रस्ते कोणाच्या नावावर होते? मोकळी जागा कोणाच्या नावावर होती? तलाठ्याकडून उतारा काढला तेव्हा दिसले की दोन्ही अजून संस्थेच्याच नावावर आहेत. नगर परिषदेकडे रीतसर हस्तांतर कधी झालेच नव्हते. संस्था अवसायनात गेली की तिच्या मालमत्तेचा ताबा अवसायकाकडे जातो. तो परका माणूस. त्याच्यापुढे कागद असतात, त्यात ही पोरांची खेळायची जागा आहे हे कुठे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर त्याने ते कसे ओळखावे? आणि मधल्या काळात एक गृहस्थ मोटारसायकलवरून येऊन, “हे मधलं मैदान कोणाचं?” अशी विचारपूस करून गेल्याचे दोन-तीन जणांनी सांगितले. तेव्हा कुठे मंडळी ओट्यावरून खाली उतरली.

इथे थोडे कायद्याचे सांगतो, कारण पुष्कळांचा गैरसमज आहे. ले-आउटमधली खुली जागा ही मालकाने मेहेरबानी म्हणून सोडलेली नसते. आजच्या नियमांप्रमाणे चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर ले-आउट पाडला तर दहा टक्के जागा खुली सोडावीच लागते, नाहीतर नकाशा मंजूरच होत नाही. प्लॉट घेताना प्रत्येकाने त्या जागेचे मोल आपल्या भावात भरलेलेच असते. बंगळूरच्या राजमहल विलास भागातला खटला या बाबतीत प्रसिद्ध आहे. तेथे बागेसाठी राखलेली जागा खाजगी दवाखान्याला देण्यात आली होती. रहिवासी कोर्टात गेले, भांडत भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि १९९१ साली न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवले. दवाखाना ही काही वाईट गोष्ट नाही, पण बागेची जागा बागेलाच, असा त्या निकालाचा अर्थ. मात्र त्या रहिवाशांजवळ नकाशा होता. आमचा नकाशा कुठे होता?

नगर परिषदेत जुनी फाइल शोधून मिळेना. तेव्हा दिवंगत सचिवांच्या पत्नीकडे गेलो. ऐंशीच्या पुढच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या. त्यांनी देवळीतला दिवा सरकवला, पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढून काढली आणि पदराने पुसली. आत कडुलिंबाचा वाळलेला पाला पसरलेला, आणि त्याखाली सगळे. रोकडवही, पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती, सभेचे इतिवृत्त, सभासदांच्या सह्यांचे रजिस्टर आणि घडीवर फाटत आलेला मंजूर ले-आउटचा निळा नकाशा. दर वर्षी त्या पाला बदलत होत्या. आम्ही विचारले, आजी, इतकी वर्षे कोणाला सांगितले का नाही? त्या म्हणाल्या, “त्याइनं जाताना सांगतलं होतं, पेटी कोणा एकाले देजो नोको, मिटिंग भरन तवा सगळ्याइच्या समोर देजो. मिटिंग काही भरलीच नाही, त मी कोणाले देऊ?”

आम्हाला यावर बोलता आले नाही. पेटी तिथेच ठेवून आलो आणि सभेची नोटीस काढली.

सभेचेही नियम आहेत, ते पाळले नाहीत तर सगळे फुकट जाते. आदर्श उपविधीप्रमाणे वार्षिक सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, ही सभा झाली पाहिजे. गणपूर्तीला दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, यांपैकी जो आकडा लहान असेल तेवढे लागतात. आमच्या पहिल्या सभेला ठरल्या वेळी अकरा जण आले. तीन सतरंज्या अंथरलेल्या, अकरा माणसे आणि सावलीला आलेली दोन कुत्री. नोटिशीत आधीच लिहिले होते की गणपूर्ती न झाल्यास सभा अर्ध्या तासाने त्याच जागी होईल, अशा तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्यामुळे वाचलो. पण आजी आपली पेटी पोराच्या डोक्यावर देऊन मोकळ्या जागेवर आल्या तेव्हा घराघरांतून बाया पाहायला बाहेर आल्या, बायांमागून माणसे आली, आणि अर्ध्या तासाने मोजले तर चाळीसच्या वर डोकी होती. पेटी सगळ्यांसमोर उघडली. नवी समिती निवडली, तीत दोन भगिनी. आम्हाला सचिव केले, म्हणजे फळा पदरात पडला. २०१९ साली कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले आहे, त्याप्रमाणे २५० पर्यंत सभासद असलेल्या संस्थेला आपली निवडणूक स्वतःच घेता येते. लहान वसाहतींनी हे ध्यानात ठेवावे, निवडणुकीचा खर्च परवडत नाही ही सबब आता चालत नाही.

मग हिशेब. रात्री जेवणे झाली की आम्ही, एक निवृत्त मास्तर आणि बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी, असे तिघे रोकडवह्या घेऊन बसत होतो. जेथे पावती सापडली तेथे नोंद केली, जेथे सापडली नाही तेथे तसे लिहून ठेवले. बनवून काही लिहायचे नाही हे पहिल्या दिवशी ठरवले होते. शासनाच्या नामतालिकेवरचे लेखापरीक्षक अकोल्याचे मिळाले. पण त्याच ऑक्टोबरात गांधीग्रामचा पूर्णेवरचा इंग्रजांच्या काळातला पूल वाहतुकीला बंद झाला आणि अकोला गाठायला लांबचा फेरा पडू लागला. नोव्हेंबरात अकोट-अकोला रेल्वे सुरू झाली. २०१७ साली मीटरगेज बंद पडल्यापासून आमच्या स्टेशनात गाडी नव्हती, ती ब्रॉडगेजवर आली. तिच्यातून आम्ही ती पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन अकोल्याला गेलो. डब्यातल्या एका बाईने विचारले, लग्नाचा अहेर आहे का? निकाल लागायला कित्येक महिने गेले. लेखापरीक्षण झाले, विवरणपत्रे गेली, खुलासा मान्य झाला आणि संस्था वाचली. दप्तरदिरंगाईसाठी चार बोल ऐकावे लागले, ते वाजवी होते.

संस्था वाचली म्हणजे तंटे मिटले असे नाही. खरे तर तेथूनच सुरू झाले. निळा नकाशा घेऊन भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज केला. मोजणी झाली, चुन्याची रेघ मारली, आणि ती रेघ एका घराच्या आवारभिंतीच्या आतून गेली. चार फूट. मोकळी जागा चार फुटांनी आत घेतलेली होती. ते घर कोणाचे? नामांतराच्या लढ्यात ज्याने लाठ्या खाल्ल्या, जो आजही प्रत्येक मोर्चात झेंडा धरून पुढे असतो, त्या आमच्या थोरल्या सोबत्याचे. मंडळी म्हणाली, आपलाच माणूस आहे, चार फुटांनी काय होते? आम्ही रात्रभर विचार केला. दुसऱ्या कोणी असते तर आम्ही अर्ज, निवेदन, उपोषण सगळे केले असते. मग येथे चूप बसायचे कोणत्या तोंडाने? समितीने त्यांना लेखी नोटीस दिली. नोटिशीवर सही करताना आमचा हात कापला, हे कबूल करतो. त्यांनी नोटीस घेतली, पोच दिली आणि पाच महिने आमच्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस चिठ्ठी आली की मुलीचे लग्न झाले की भिंत मागे घेतो. लग्न होऊन गेले. भिंत अजून तेथेच आहे.

दुसरा तंटा विहाराचा. पुष्कळांची इच्छा की मोकळ्या जागेवर पक्के विहार व्हावे. आम्हालाही विहार नको असे थोडेच आहे? पण मंजूर नकाशात त्या जागेवर ‘खुली जागा’ एवढेच लिहिले आहे. सार्वजनिक जागांवर विनापरवाना प्रार्थनास्थळे उभी करू देऊ नयेत असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा आदेश आहे, आणि तो सर्व धर्मांना सारखाच लागू आहे. आज आपण रात्रीतून चबुतरा बांधला, तर उद्या दुसऱ्या वसाहतीत दुसऱ्या कोणी बांधला तेव्हा आपण कोणता कायदा दाखवणार? शिवाय बुद्धमूर्ती बसवून मग कधी ती हलवा म्हणून नोटीस आली, तर वसाहतीतल्या पोरांची माथी भडकतील आणि केसेस त्यांच्यावर होतील. म्हणून समितीने ठराव केला आहे की आधी नगर परिषदेकडे रीतसर विचारणा करावी, नियमांत बसेल तेवढेच आणि परवानगीनेच बांधावे, आणि पहिला अर्ज वाचनालयाचा करावा. तोवर वर्षावासाचे वाचन दरवर्षीप्रमाणे ताडपत्रीच्या मांडवात. या ठरावामुळे ‘विहाराचे विरोधक’ असा शिक्का आमच्यावर बसला आहे. बसू द्या. मांडवात सतरंज्या रोज आम्हीच घालतो.

आता माता-भगिनींसाठी थोडे. सभासदांचे रजिस्टर नव्याने लिहिताना असे दिसले की बायकांच्या नावावर असलेली घरे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. ज्यांनी गळ्यातले मोडून प्लॉटचा शेवटचा हप्ता भरला, त्यांचे नाव कागदावर कुठेच नाही. काहींना वाटते, नवऱ्याने नामनिर्देशनात माझे नाव घातले आहे, झाले माझे घर. तसे नाही. नामनिर्देशित व्यक्ती ही मालक नसते. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे सभासदाच्या पश्चात तिला तात्पुरते सभासद करून घेतात आणि खरे वारस ठरेपर्यंत ती वारसांच्या वतीने सांभाळणारी असते. तरीही नामनिर्देशन करावेच, नाहीतर संस्थेने पत्रव्यवहार कोणाशी करायचा हाच प्रश्न पडतो.

वारस कोण हे कायदा ठरवतो. बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्यामागे हिंदू कोड बिल रखडवले गेले हे एक मोठे कारण होते. त्याच बिलाचा एक भाग पुढे १९५६ चा वारसा कायदा होऊन आला आणि तो आपल्या बौद्धांनाही लागू आहे. नवऱ्याने स्वतः कमावलेले घर असेल आणि मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई हयात असल्यास ती, अशा सर्वांना सारखा वाटा मिळतो. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलींना मुलांइतका जन्मतः हक्क मिळाला. तेव्हा बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेताना तिला ते काय आहे हे वाचून दाखवा. राखी बांधायला बोलावून स्टॅम्पपेपर पुढे सरकवणारे भाऊ आपल्यातही आहेत, नावे घेत नाही.

ज्यांना हयातीतच घर पत्नीच्या किंवा मुला-मुलीच्या नावे करायचे आहे त्यांच्यासाठी २०१५ पासून एक सोय आहे. राहते घर अशा जवळच्या नात्यात बक्षीसपत्राने दिले तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. नवीन घर केवळ स्त्रीच्या नावाने विकत घेतले तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. मात्र बक्षीसपत्र करताना म्हाताऱ्यांनी घाई करू नये. एकदा दिलेले घर सहजासहजी परत मिळत नाही, हे आम्ही एका ओट्यावर रोज पाहतो. मृत्युपत्र हा सावध मार्ग आहे, त्याला दोन साक्षीदार पुरतात आणि ते हयातीत बदलता येते.

पाण्याचे एक राहिले. आपल्या दक्षिणेला पूर्णेकाठी खारपाणपट्टा पसरला आहे, तिथल्या आयाबहिणींनी खारे पाणी पिऊन पिढ्या काढल्या. आपल्या नळाला सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणाचे गोडे पाणी येते. त्याच पाण्यावर चौऱ्याऐंशी खेड्यांची योजना आहे आणि त्या पाण्यासाठी भांडणे झालेली आपण पाहिली आहेत. म्हणून गाडी धुण्यासाठी नळाला पाइप लावणाऱ्यांचा घर क्रमांक फळ्यावर लिहावा अशी सूचना एका भगिनीने समितीत मांडली. बहुमताने नामंजूर झाली. आमचे मत तिच्या बाजूने होते.

येत्या २० डिसेंबरला गाडगेबाबांच्या स्मृतिदिनी दरवर्षीप्रमाणे नाली सफाई. खराटे घरून आणावेत.

या रविवारी फळा लिहून हात झटकत होतो, तेवढ्यात भिंतवाले सोबती सायकल ढकलत आले. जयभीम झाला. चष्मा वर करून त्यांनी पहिल्या ओळीपासून सगळे वाचले, खालची बारीक अक्षरातली ओळही. तिच्यात विषय क्रमांक चार होता, ‘मोजणीप्रमाणे हद्द कायम करणे’. थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग विचारले, “दहालेच हाये न मिटिंग?” आम्ही हो म्हणालो. “मी साडेनवाले येतो. सतरंज्या मी आणतो, तुमच्या फाटल्या हायेत.”

भिंतीचे ते काही बोलले नाहीत. आम्हीही विचारले नाही.